आभाळ कसंय तुमच्याकडं?

बुद्धघोषची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी घोट्यापर्यंत चिखलात उभी होते, आणि तो माझ्याकडे नाही, चिखलाकडे बघत होता.

सप्टेंबर लागला होता आणि यंदा पाऊस जायचं नाव घेत नव्हता. धाराशिवच्या कडेला नव्या प्लॉटिंगमध्ये आमचं घर. घर पक्कं, पण फाटकापुढची जागा सगळी काळी माती. मी बेंबळीच्या दवाखान्यात नर्स. त्या सकाळी ड्युटीला निघाले आणि फाटकातच स्कूटी रुतली. रेस वाढवली तसं मागच्या चाकानं माझ्या पांढऱ्या युनिफॉर्मवर नक्षी काढली. शेजारच्या उमादेवी काकूंच्या कुंपणाच्या भिंतीवर काम करणारा एकजण उठून आला. मला वाटलं, आला बाई कुणीतरी. तर हा खाली बसला, चिमूटभर माती उचलली आणि बोटांत चोळून बघायला लागला.

"ही माती पाणी पिऊन फुगती, आन् उन्हाळ्यात फाटती," तो म्हणाला. मला नाही, मातीलाच सांगितल्यासारखं. "हितं गाडीसाठी सिमेंट करायचं असंल तर आधी दोन फूट उकरावं लागंल."

"आधी माझी गाडी उकरा," मी म्हटलं.

तेव्हा कुठं त्यानं वर पाहिलं. ओठ हलले नाहीत, पण डोळे हसले… आणि एका हातानं मागचं चाक उचलून त्यानं स्कूटी रस्त्यावर ठेवली. मी वीस मिनिटं उशिरा पोचले. दिवसभर बायकांची वजनं घेताना मला ते डोळेच आठवत होते, हे मी तेव्हा कबूल केलं नसतं.

काकूंनी आमची गरज त्याच्या कानावर घातली होती. गरज अशी, की माझे बाबा, श्रीपती, एकतीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर. निम्मी नोकरी तेर-धाराशिव मार्गावर. आख्ख्या जिल्ह्याला त्यांनी घरी पोचवलं, पण स्वतःच्या दारात कधी चारचाकी उभी राहिली नाही. आता गुडघे गेले. मी पगारातून एक छोटी गाडी बुक केली होती, विजयादशमीला, धम्मचक्र प्रवर्तन दिनी घरी आणायची म्हणून. बाबांची एकच अट, गाडी चिखलात उभी राहणार नाही. "डेपोला फरशी पाहिजे," ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून फाटकापुढच्या जागेला आमच्या घरात डेपो हेच नाव पडलं.

आधी दोन ठेकेदार येऊन गेले होते. पहिल्यानं टेप लावून माप घेतलं आणि तो मापासकट गायब झाला. दुसरा म्हणाला, आहे त्या मातीवर चार इंच ओततो, उद्या संध्याकाळी गाडी लावा. बुद्धघोष एकटाच असा, जो आधी नाही म्हणाला. काळी माती काढून मुरूम भरू, पाणी मारून धुमसानं ठोकून बसवू, वर लोखंडी जाळी आणि पाच इंच काँक्रीट. पण पावसानं पुरती उघडीप दिल्याशिवाय ओतायचं नाही. बाबांना असा नाही म्हणणारा माणूस लगेच आवडला. मला जरा उशिरा आवडला. म्हणजे दोन दिवसांनी.

मुरूम भरून झाला, काकूंची भिंतही संपली आणि खरी वाट बघणं सुरू झालं. तो राहायला तेरला. तिथून मिक्सर आणि सात माणसं टेंपोत घालून आणायची, तर इकडचं आभाळ आधी कळायला हवं. मी त्याला मोबाइलवरचा अंदाज बघायला सांगितला. तर म्हणाला, मोबाइलचं आभाळ जिल्ह्याचं असतंय मॅडम, तुमच्या गच्चीवरचं नसतंय. मग ठरलं की तो रोज सकाळी फोन करणार आणि मी गच्चीवर जाऊन बघून सांगणार.

सहा वीसला फोन यायचा. एक मिनिट इकडं नाही, तिकडं नाही.

"आभाळ कसंय तुमच्याकडं?"

पहिले दोन दिवस मी नुसतं भरलंय, पडतोय, एवढंच सांगितलं. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, असं न्हाय, नीट बघून सांगा. मग मी नीट बघायला शिकले. उगवतीला तांबडं आहे, मावळतीला काळं आहे पण ते सरकतंय, वारा तुमच्या तेरच्या बाजूनं येतोय. "मग तो आमचाच वारा," तो म्हणायचा, "त्याला चहा पाजा." मी म्हणायचे, चहा मालकाला मिळेल, वाऱ्याला नाही. कधी आभाळाचं बोलून व्हायचं आणि फोन मात्र ठेवला जायचा नाही. तेरणेला पाणी किती आलंय, माझी काल कुठं ड्युटी होती, बाबांचा गुडघा… पाच मिनिटांचा फोन वीस मिनिटांवर गेला. मी सहालाच उठून, वेणी घालून गच्चीवर जायला लागले. आभाळ बघायला वेणी कशाला लागते, असं बाबांनी एकदा विचारलं. मी ऐकू आलं नाही असं केलं.

एका सकाळी बोलता बोलता त्यानं सांगितलं, की हे काम झालं की तो पुण्याला जाणार. तिकडं मामाला मोठ्या बिल्डिंगचं काम मिळालंय, दोन वर्षं तरी लागतील. तुमचा डेपो झाला की निघालो, म्हणाला. मी म्हटलं, वा, छान. आणि खाली येऊन चहात साखरेऐवजी मीठ घातलं. बाबांनी एक घोट घेऊन तो चहा बाजूला ठेवला.

त्यानंतर बुधवार आला.

बुधवारी मी गच्चीवर गेले तर आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. पंधरा दिवसांत पहिल्यांदा एक ढग नव्हता. सूर्य वर येत होता, तारेवर चिमण्या बसल्या होत्या. आज ओतलं की आज संपलं. उद्या सहा वीसला कुणी काही विचारणार नाही.

फोन वाजला. आभाळ कसंय तुमच्याकडं?

मी वर बघितलं. बराच वेळ बघितलं.

"भरलंय," मी म्हणाले. "सगळीकडून भरलंय."

"बरं," तो म्हणाला. आणि फोन ठेवला. त्या दिवशी तो जास्त बोलला नाही, आणि तेवढीच मला शिक्षा झाली असं वाटून मी स्वतःला माफ करून टाकलं. एका दिवसानं काय बिघडतंय!

बिघडायचं ते शुक्रवारी बिघडलं. गुरुवारी दिवसभर रिपरिप होती. शुक्रवारी मी खरं ते सांगितलं, डोक्यावर मोकळं आहे पण मावळतीला काळं दिसतंय. त्याला रविवारी पुणे गाठायचं होतं आणि आम्हाला दसरा. दसऱ्याच्या आधी काँक्रीटला चौदा दिवस पाणी मिळायला हवं, म्हणजे हाच शेवटचा दिवस. तो येतो म्हणाला.

नऊ वाजता मिक्सर सुरू झाला. मी रजा टाकली होती. बाबा खुर्ची टाकून कंट्रोलरसारखे बसले होते आणि येणाऱ्या प्रत्येक पाटीला मान हलवत होते. तो गुडघ्यांवर बसून थापी फिरवत मागं मागं सरकत होता. कपाळावर सिमेंट, बाह्या वर… मी पाणी द्यायच्या निमित्तानं चार वेळा बाहेर आले. चौथ्या वेळी तो म्हणाला, मॅडम, मिक्सरलाबी एवढं पाणी लागत न्हाय.

दुपारी सगळे भाकरी खायला बसले. रुद्रम्मा नावाची एक बाई होती त्यांच्यात, पाट्या वाहणारी, नळदुर्गाकडची. मी तिला भाजी वाढली तर सहज बोलून गेली.

"बुधवारी आमी टेंपोत बसलो हुतो बघ, ताई. आभाळ कसं आरशावानी. आन् मालकाचा फोन आला, उतरा म्हनून. सात जनांचा रोज बुडाला. हिकडं पाऊस हुता म्हनं."

ती कुणाला दोष देत नव्हती, म्हणून जास्त लागलं. सात माणसं भल्या सकाळी उठून, भाकरी बांधून टेंपोत बसली आणि माझ्या वीस मिनिटांसाठी खाली उतरली. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तीनला काम झालं. ओल्या काँक्रीटवर त्यानं झाडू फिरवून बारीक रेघा काढल्या, चाक घसरू नये म्हणून. आणि चार वाजता मावळतीचं काळं आमच्यावर आलं.

ताडपत्र्या आधीच काढून ठेवल्या होत्या, पण वारा असा सुटला की चार माणसं एक टोक धरायला कमी पडत होती. मीही धावले. रस्त्याकडच्या कोपऱ्यावर तो होता, त्याच्या शेजारी मी. थेंब टपोरे पडत होते. आमच्या हातातलं टोक एकदा सुटलंच, पुन्हा धरेपर्यंत तेवढ्या कोपऱ्यावर पावसानं देवी आल्यासारखे खड्डे पाडले. आम्ही ताडपत्रीवर विटा ठेवल्या, वर हात दाबून बसलो. पाणी त्याच्या केसांतून गळत होतं. बाकीचे दुसऱ्या टोकाला होते.

"बुधवारी मी खोटं बोलले," मी म्हणाले. "आभाळ मोकळं होतं."

"ठाऊक हाय."

माझ्या हाताखालची वीट सरकली, मी ती पुन्हा दाबली.

"जाळी घ्यायला पहाटंच शहरात आलो हुतो. तुमच्या गल्लीच्या तोंडाला चहाची टपरी हाय ना, तिथनंच फोन लावला. तुमी गच्चीवर दिसत हुता. वर बघितलं, लई वेळ बघितलं… आन् म्हणालात, भरलंय."

"मग आला का नाहीत? सरळ यायचं, विचारायचं मला."

तो ताडपत्रीवरचं पाणी हातानं निपटत राहिला. "मलाबी एक दिवस जास्त पाहिजेच हुता," तो म्हणाला. "पण सात जणांचा रोज बुडाला. ते आपलं चुकलं."

आपलं, म्हणाला. तुमचं नाही, माझं नाही. त्या एका शब्दावर मला रडू आलं आणि पावसामुळं ते कुणाला दिसलं नाही. हीच वेळ होती. जाऊ नका म्हणायचं, किंवा जा पण परत या म्हणायचं… दोन्ही ओठांवर होतं. आणि मी काय विचारावं? तर पाणी किती दिवस मारायचं, हे. त्यानं सकाळीच सांगितलं होतं.

"चौदा दिस," तो म्हणाला. "मातीचे बांध घालून वाफे करून देतो, त्यात पाणी आटू द्यायचं न्हाय."

कोपरा फोडून पुन्हा करतो, असं तो जाताना बाबांना म्हणाला. पण त्याला वेळ नव्हता. रविवारी तो पुण्याला गेला.

मग ते चौदा दिवस. सकाळ-संध्याकाळ मी वाफ्यांत पाणी सोडत होते. इतकं मन लावून मी कुणा पेशंटचीही सेवा केली नसेल. सकाळी सहाला जाग येत होतीच. गच्चीवर जायची. फोन कठड्यावर ठेवायची. सहा वीस व्हायचे, सहा पंचवीस व्हायचे. मला त्याची इतकी आठवण यायची की दुपारी दवाखान्यात खिडकीतून ढग दिसला तरी तो कुठल्या बाजूला सरकतोय हे मी मनात त्याला सांगत असायची. फोन मीही करू शकले असते. पण काय सांगणार? काम संपलं होतं. आणि गेलेल्या माणसाला थांबवायचा मला काय हक्क, मी तर एकदा खोटं बोलूनच थांबवलं होतं.

बाबा एकदा म्हणाले, "तेरची गाडी बंद झाली वाटतं सकाळची." मी पाण्याचा पाइप धुवायला घेतला.

विजयादशमीला आम्ही पांढरे कपडे घालून विहारात वंदनेला गेलो आणि तिथून गाडी आणली. बाबा काठी टेकत फाटकाशी उभे राहिले आणि हात दाखवत मला मागं घेत राहिले. येऊ दे, येऊ दे, डावीकडं… बस. गाडी डेपोत लागली. बाबांनी बॉनेटवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग ते त्या खड्ड्याखड्ड्यांच्या कोपऱ्याशी गेले, काठीनं तो चाचपला.

"ह्यावर चाक घालत जाऊ नको," ते म्हणाले. "ज्याचं काम ऱ्हायलंय, तो येईल करायला."

दुसऱ्या दिवशी पाणी घालायचं नव्हतं. तरी सहाला उठले. वेणीसुद्धा घातली नव्हती. गच्चीवर कपडे वाळत घालत होते तेव्हा कठड्यावरचा फोन थरथरला. सहा वीस.

"चौदा दिस झाले," तो म्हणाला. मागं मिक्सरचा आवाज होता. "पाणी बंद करा, एवढंच सांगायला केला."

"केलं बंद."

"गाडी आली?"

"आली."

तिकडं कुणीतरी त्याला हाक मारली, त्यानं आलो म्हटलं आणि गेला नाही.

"आभाळ कसंय तुमच्याकडं?"

"तुम्ही पुण्यात. आमच्या आभाळाशी तुम्हाला काय करायचंय?"

"त्यो कोपरा ऱ्हायलाय ना. जिवाला लागलाय. आभाळ बरं असंल तर… म्हटलं येऊन जावं."

मी वर बघितलं. या वेळी नीट बघितलं, त्यानं शिकवलं होतं तसं. मावळतीला एक छोटा ढग होता. पांढरा, पावसाचा नव्हे. गल्लीच्या तोंडाला टपरीवाला स्टोव्ह पेटवत होता आणि त्याच्यासमोर कुणीही उभं नव्हतं. ती रिकामी जागा बघून मला कळलं की आता लाजले तर जन्मभर इथं उभी राहून घड्याळ बघेन.

"मोकळं आहे," मी म्हणाले. "या वेळी खोटं सांगत नाही. एक ढग आहे, तोही जाईल. कोपरा राहू द्या तसाच, तो मला तसाच पाहिजे. तुम्ही या."

मागचा मिक्सरचा आवाज हळूहळू लांब गेला, तो चालत बाजूला आला असावा.

"पुढच्या रविवारी येतो," तो म्हणाला. "तुमच्या बाबांस्नी सांगून ठेवा."

"मी नाही सांगणार," मी म्हटलं. "तुम्हीच सांगा. समोर बसून."