बारावा सायलेन्सर

तिची गाडी चौथ्यांदा सुरू झाली, भडभडली आणि पुन्हा बंद पडली, तेव्हा समोरच्या दवाखान्याचं दार उघडून एक तरुण बाहेर आला. अंगात पांढरा कोट, गळ्यात हेडफोन आणि चेहऱ्यावर रागावल्यासारखं दिसायचा प्रामाणिक प्रयत्न.

"एक विनंती होती," खिडकीशी वाकून तो म्हणाला. "पाच मिनिटं गाडी सुरू करू नका."

"मी काय हौसेनं करतेय? सुरू राहतच नाही ती."

"ते कळलं. अख्ख्या गल्लीला कळलं. पण आत मी एका आजोबांचे कान तपासतोय. शिट्टी ऐकू आली की हात वर करा, एवढंच सांगितलंय त्यांना. आतापर्यंत त्यांनी चार वेळा हात वर केला... आणि चारही वेळा तुमची गाडी होती."

हसायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, पण ते काही जमलं नाही. "मग चांगलंच की. आजोबांना ऐकू येतंय."

"बंद खोलीत, कानांवर हेडफोन असताना," तो म्हणाला. "आजोबाही खूश आहेत. मीच तेवढा अडचणीत आहे."

त्याच गल्लीत, दवाखान्याच्या बरोबर समोर तिनं नुकतंच कपडे शिवायचं दुकान थाटलं होतं. म्हणजे हा आवाज त्याच्या नशिबी रोजचाच होता. तिनं त्याला तसं सांगितलंही. त्याचा चेहरा पडायला हवा होता, तो मात्र उजळल्यासारखा वाटला. असेल आपल्या मनाचा खेळ, असं म्हणून तिनं तो विषय तिथेच सोडला. निदान सोडायचा प्रयत्न तरी केला.

गाडी तिच्या बाबांची. कंपनीनं ते मॉडेल बनवणं कधीच बंद केलं होतं आणि त्याचे सुटे भागही. पुढच्या महिन्यात गाडीची सरकारी तपासणी होती. फाटक्या सायलेन्सरसह ती पास होणं शक्य नव्हतं आणि नापास झाली की थेट भंगार. याच गाडीवर बाबांनी तिला चालवायला शिकवलं होतं. तिचं पहिलं शिलाई मशीन याच गाडीच्या मागच्या सीटवर ऐटीत बसून आलं होतं. ही भंगारात जाणार असं मनात आलं की तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

त्या मॉडेलवर जीव टाकणारे आणखीही काही वेडे शहरात होते. त्यांचा मोबाइलवर ग्रुप होता आणि त्यावर दिवसभर बोल्ट, रबर आणि मायलेज यांवरून भांडणं चालत. तसाच सायलेन्सर बनवून द्यायला एक वेल्डरकाका तयार झाले. अट एवढीच की बारा नग एकदम घ्यायचे, पैसे आधी द्यायचे आणि एका गाडीवरून नेमकं माप काढून द्यायचं. बाराच्या खाली आपल्याला परवडत नाही, असं ते म्हणाले. बेत सगळ्यांना पसंत पडला. पण पुढाकार कोण घेणार म्हटल्यावर ग्रुप चिडीचूप. शेवटी न राहवून तिनं लिहिलं, 'मी बघते.' झालं. टेप तर गळ्यात कायमची होतीच, आता हे घोंगडंही पडलं. ग्रुपनं तिचं बारसं करून टाकलं. टेपताई.

संध्याकाळी दुकान बंद केलं की ती रस्त्याच्या कडेला सतरंजी अंथरून गाडीखाली शिरायची आणि मापं घ्यायची. दुसऱ्याच दिवशी दोन कप चहा आणि एक टॉर्च घेऊन कानवाला हजर झाला. गल्लीत त्याला सगळे कानवालाच म्हणत.

"तुम्हाला यातलं काय कळतं?" गाडीखालून तिनं विचारलं.

"काहीच नाही."

"मग इथे काय करताय?"

"टॉर्च धरतोय."

ती गालातल्या गालात हसली. गाडीखाली बघतंय कोण?

"माप चुकलं तर काय होतं?" त्यानं विचारलं.

"माझं माप चुकत नाही," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत तिला त्याची छाती-कंबर कळलेली असे. याच्या कोटाची बाही बोटभर लांब आहे हेही तिनं पहिल्याच दिवशी पाहिलं होतं.

"आणि एक सांगा... सगळे मला टेपताई म्हणतात. तुम्ही नुसतं 'अहो, अहो' काय करता?"

"टेप म्हणायला मी तयार आहे. पुढचं... पुढचं नाही जमायचं."

टॉर्चचा उजेड भलतीकडेच भरकटला. बरंच झालं. तिचे गाल तापले होते आणि ते उजेडात दिसलेलं तिला चाललं नसतं.

मापं गेली, पैसे जमले, आणि ऐनवेळी ग्रुपमधल्या एका बँकवाल्यानं माघार घेतली. बायकोनं डोळे वटारले म्हणे. बाराचे अकरा झाले आणि अकरांसाठी वेल्डरकाका मशीनला हात लावायला तयार नव्हते. दिवसभर तिनं फोनवर फोन केले. संध्याकाळी ती दुकानाच्या पायरीवर डोकं धरून बसली असताना कानवाला शेजारी येऊन टेकला.

"माझं नाव घाला," तो म्हणाला.

"तुमच्याकडे गाडी आहे? हेच मॉडेल?"

"सायलेन्सर पाहिजे म्हणून तर सांगतोय."

तिला इतकं हलकं वाटलं की पुढचा प्रश्न सुचलाच नाही.

बसवायच्या दिवशी वेल्डरकाकांच्या शेडबाहेर गाड्यांची रांग लागली. बाबाही घडीची खुर्ची घेऊन आले होते. पहिला मान ग्रुपमधल्या निवृत्त सरांच्या गाडीचा. काकांनी नवाकोरा सायलेन्सर खालून वर धरला. पाइपाला पाइप जुळला, पण टांगायची कडी ज्यात अडकवायची त्या गाडीच्या रबरापासून चक्क दोन बोटं पुढे. दुसऱ्या गाडीला तेच, तिसऱ्या गाडीला तेच. मग काकांनी तिची गाडी आत घेतली, आणि तिथे मात्र सायलेन्सर अंगावर बेतून शिवल्यासारखा बसला.

"म्हणजे मापातच घोळ आहे," सर हळूच म्हणाले. "टेपताई, माप तुम्हीच घेतलं होतंत ना?"

माप बरोबर होतं, स्वतःच्या हातांनी घेतलेलं. मग बाकीच्या गाड्यांना का बसत नाही? सहज तिची नजर बाबांकडे गेली. बाबा अतिशय लक्षपूर्वक आभाळ बघत होते.

"बाबा?"

"तू शाळेत होतीस तेव्हा," बाबा आभाळालाच म्हणाले. "गाडी मागे घेताना फाटकाचा खांब मध्ये आला."

"खांब मध्ये आला?"

"तुझ्या आईला कळायच्या आत मी वेल्डिंग करून घेतलं. तेव्हा ते रबर धरणारं ब्रॅकेट जरासं पुढे सरकलं असेल... आईला काही बोलू नकोस हं. तिला अजून माहीत नाही."

बाबांचं गुपित उघडं पाडणारे बारा सायलेन्सर ओळीनं चकाकत पडले होते. हसावं की रडावं तिला कळेना. इतक्या लोकांनी तिच्या एका शब्दावर पैसे टाकले होते, आणि आता कुणी तिच्याकडे बघतही नव्हतं. ते बघणं टाळणं तिला फार लागलं.

"कडी कापून मागे लावता येईल," काका म्हणाले. "पण पत्रा पातळ आहे. भोक पडलं तर तो नग गेलाच समजा. आधी एकावर करून बघायला पाहिजे. कुणाचा घेऊ?"

सगळे आपापल्या चपला निरखू लागले.

"माझा घ्या," ती म्हणाली. तिचाच तर एकटा बसला होता, आणि तिची तपासणी गुरुवारवर आली होती.

"त्यांचा नको," मागून कुणीतरी म्हणालं. "माझा कापा."

कानवाला घामाघूम होऊन उभा होता. बसथांब्यापासून चालत आला असावा.

"तुमची गाडी कुठाय?" सरांनी विचारलं.

"नाहीये."

"गॅरेजला आहे का?"

"कुठेच नाहीये. मला गाडी चालवताही येत नाही."

"अहो, मग सायलेन्सर कशाला घेतलात?"

त्यानं सरांकडे पाहिलंच नाही. तो तिच्याकडे बघत होता. "बारा व्हायला पाहिजे होते ना..."

कुणीतरी खाकरलं. बाबांनी आभाळ बघणं एकदाचं थांबवलं.

बाराव्या सायलेन्सरला पहिल्याच ठिणगीत भोक पडलं. काकांनी मशीन मंद केलं, शेजारी पुन्हा जोड मारला, आणि तो टिकला. मग त्यांचा हात बसला तो बसलाच. ऊन उतरेपर्यंत एकेक गाडी सुरू होऊन मांजरीसारखी गुरगुरत निघून गेली. जाताना सरांनी काच खाली केली आणि म्हणाले, "टेपताई, पुढच्या वेळी ब्रेकचं बघायचं का?" तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. डोळे पुसायला काही मिळेना, म्हणून तिनं टेपच वापरली.

गुरुवारी गाडी पास झाली. कागद हातात घेऊन ती थेट गल्लीत आली, दवाखान्यासमोर थांबली आणि वाट बघत बसली. कुणी बाहेर आलं नाही. येणार कसं? गाडी आल्याचं ऐकूच गेलं नव्हतं कुणाला.

ती आत गेली. "तपासणी करायचीय."

"गाडीची झाली ना? पास?"

"पास. आता माझ्या कानांची."

त्यानं तिला काचेच्या खोलीत बसवून कानांवर हेडफोन चढवले. दार मिटलं आणि सगळं जग शांत झालं. एक शिट्टी आली, तिनं हात वर केला. मग आणखी बारीक, मग त्याहून बारीक. मग काहीच नाही... आणि मग त्याचा आवाज.

"रोज सकाळी तुमची गाडी वळणावर आली की मला कळायचं. त्यानंतरचा दिवस बरा जायचा." काचेपलीकडे तो मान खाली घालून बटणांशी खेळत होता. "सायलेन्सर बसला की ते बंद होणार, हे माहीत होतं. तरी पैसे भरले. गाडी भंगारात गेली असती तर तुम्ही फार रडला असतात." त्यानं एक बटण हळूच मागे फिरवलं. "मला तुम्ही आवडता. हे अगदी खालच्या आवाजात लावलंय मी. ऐकू आलं नसेल तर... तर काही हरकत नाही."

तिनं हात वर केला.

त्याला दिसलंच नाही. तो अजून बटणांकडेच बघत होता. मग तिनं दुसराही हात वर केला आणि तशीच बसून राहिली. शेवटी त्यानं मान वर केली, आणि ती हात खाली घ्यायचंच विसरली.