एकच किल्ली

ही गोष्ट खरी आहे. माझ्यासोबतच घडलेली आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मी अजून तिथेच राहते आणि रोज त्याच तटाखालून कामावर जाते.

तारीख सांगते. २६ नोव्हेंबर २०२३. रविवार.

रात्र नव्हती. दुपारचे अडीच वाजले होते.

जर्मनीतल्या फ्रांकोनिया भागातलं आमचं गाव जुनं आहे, दगडी तटाच्या आत वसलेलं. बघायला येणाऱ्यांसाठी गावभर चौदा पाट्या लावल्यात. वाटाड्या कोणी नाही. पत्रक घ्यायचं आणि नंबर बघत आपलं आपण हिंडायचं. नववी पाटी तटावर आहे. दोन बुरुजांच्या मध्ये फळ्यांची लांब वाट, डोक्यावर छप्पर. दोन्ही बुरुजांना एकेक दार आणि दोन्ही दारांना मिळून एकच किल्ली.

ती किल्ली मी काम करते त्या बेकरीत मिळते. कोणी खिशात घालून विसरू नये म्हणून तिला वीतभर लाकडी ठोकळा बांधलाय. आपलं ओळखपत्र पत्र्याच्या डब्यात ठेवायचं आणि किल्ली न्यायची. किल्ली परत आणली की ओळखपत्र परत.

त्या डब्याच्या तळाशी एक जुनं राखाडी ओळखपत्र पडून आहे. पूर्वी मिळायचं तसलं, छोट्या पुस्तकासारखं.

मार्लिस केम्फ. जन्म १९५२.

१९८६ च्या नोव्हेंबरात ती एकटीच गाव बघायला आली होती. किल्ली परत आली.

ती आली नाही.

आमच्याकडे नोव्हेंबरात मृतांचा रविवार असतो. सगळं गाव कबरस्तानात जातं, मोठ्याने कोणी बोलतही नाही. त्याच दिवशी दुपारी तटाची वाट बंद होते, ती थेट ईस्टरपर्यंत. त्या वर्षी ते काम माझ्या बाबांकडे होतं. बाबा नगरपालिकेत होते. ते वाट बंद करायला गेले तेव्हा बुरुजाचं दार उघडं होतं आणि किल्ली बाहेरून कुलपातच होती. कोणीतरी विसरून गेलं, असं त्यांना वाटलं. त्यांनी दार लावलं आणि किल्ली बेकरीत आणून खिळ्याला अडकवली.

डब्यात ओळखपत्र उरलंय हे लक्षात आलं, पण लोक विसरतात, मग पत्र पाठवून मागवून घेतात. कोणी मनावर घेतलं नाही.

ईस्टरला दार उघडलं. आत कोणीच नव्हतं...

फक्त नवव्या पाटीजवळच्या बाकावर एक पत्रक होतं. नीट चार घड्या घातलेलं.

पोलीस आले. बाबांनी सांगितलं, "मी तीन हाका मारल्या होत्या. आतून उत्तर आलं नाही." सगळ्यांना पटलं. बाबा शिस्तीचे माणूस. चौकशी बंद झाली. त्या बाईला जवळचं कोणी नव्हतं, म्हणून ते राखाडी पुस्तक फिरून डब्यात आलं आणि तिथेच राहिलं.

आता बाबा ऐंशीच्या पुढे आहेत. वाट बंद करण्याआधीची शेवटची फेरी मी मारते. एका बुरुजातून आत जायचं, आत कोणी राहिलं नाही ना ते बघायचं, दुसऱ्या बुरुजातून बाहेर पडायचं. सात मिनिटांचं काम.

त्या दिवशीही मी माझं ओळखपत्र काढून डब्यात टाकलं. बेकरीची मालकीण ट्राउडे केक कापत होती. मला बघून हसली.

"रोसी, अगं तू इथेच काम करतेस. तुझी किल्ली मी कोणाकडे मागायला जाणार आहे?"

"नियम सगळ्यांना सारखा."

"बापाचीच पोर तू. जा लवकर, आणि परत ये. चार वाजता मला आईच्या कबरीवर जायचंय."

फोन माझ्या एप्रनच्या खिशात राहिला. एप्रन खुंटीला राहिला. सात मिनिटांसाठी कोण फोन घेऊन जातं?

बाहेर धुकं होतं. मी दार उघडून आत गेले आणि नियमाप्रमाणे आतून कुलूप लावलं. किल्ली हातात घेतली, जिना चढले, वर चालू लागले. फळ्या करकरत होत्या. लहानपणापासून ओळखीचा आवाज.

नवव्या पाटीशी मी थांबले.

आवाज थांबला नाही...

एक पाऊल. अजून एक. मग तोही थांबला.

मी मागे वळून बघितलं. वाट रिकामी होती.

जुनं लाकूड आहे, करकरणारच, असं मी स्वतःला सांगितलं आणि भराभर पुढे गेले. मागे वळून बघितलं नाही. दुसऱ्या बुरुजाचा जिना उतरले आणि किल्ली कुलपात घातली.

किल्ली आत जाईना.

पुन्हा घातली. अर्ध्यावर अडली. वाकून भोकातून बघितलं तर उजेड दिसेना. आत काहीतरी होतं. बोट लावून बघितलं. थंड लोखंड.

बाहेरच्या बाजूने कुलपात किल्ली होती.

पण किल्ली एकच आहे. आणि ती माझ्या हातात होती...

मी दार ठोठावलं. "कोण आहे तिकडे? किल्ली काढा, मी आत आहे." किल्ली तशीच राहिली. मी परत जिना चढले, सगळी वाट धावत मागे आले, पहिल्या दाराशी गेले. दहा मिनिटांपूर्वी याच किल्लीने मी ते बंद केलं होतं.

तिथेही भोक बंद होतं.

पुढचं दार बंद, मागचं दार बंद. आज वाट बंद व्हायचा दिवस. ईस्टरपर्यंत इकडे कोणी फिरकत नाही.

तटाला बाहेरच्यासारख्याच गावाच्या बाजूनेही जंग्या आहेत, बाण मारायची अरुंद भोकं. नवव्या पाटीजवळची जंगी त्यातल्या त्यात मोठी. मी तिथे तोंड लावून खाली बघितलं. गल्लीतून लोक कबरस्तानाकडे चालले होते. हातात हिरव्या माळा, लाल मेणबत्त्या. मी ओळखीच्यांना नावं घेऊन हाका मारल्या. घसा फाटेपर्यंत मारल्या.

एकानेही मान वर केली नाही.

धुकं असलं तरी अंतर दोन मजल्यांचं. ऐकू न जायला काय झालं?

मग लक्षात आलं. मघापासून चर्चचं घड्याळ वाजलंच नव्हतं. पाव तासाला वाजतं ते. कावळेही गप्प होते. खाली लोकांची पावलं पडत होती, पण त्यांचाही आवाज नव्हता.

आवाज फक्त आत होता...

माझ्या मागच्या बाकाशी. कागदाची घडी घातल्याचा. एक. दोन. तीन. चार.

मी वळले नाही. खरं सांगते, वळायची हिंमतच झाली नाही. मी जंगीला चिकटून रडत होते, इतकंच आठवतं.

आणि खाली बाबा दिसले.

काठी टेकत, एका हातात आईच्या कबरीसाठी माळ घेऊन ते चालले होते. "बाबा," मी ओरडले. "बाबा, मी वर आहे."

ते थांबले. मान वर केली नाही, पण बुरुजाच्या दाराकडे बघितलं. मग हळूहळू तिकडे वळले. खालून कुलूप फिरल्याचा आवाज आला आणि त्यांची हाक आली.

"कोणी आहे का आत?"

"मी आहे. रोसी."

मी धावले. जिना उतरले. दार सताड उघडं होतं. बाबा उंबऱ्यावर उभे होते, पण माझ्याकडे पाठ करून. गल्लीकडे बघत होते.

"बाबा..."

ते वळले.

"तू आत्ताच तर बाहेर गेलीस," ते म्हणाले. "माझ्या हातातून किल्ली घेतलीस आणि गेलीस. बोललीसुद्धा नाहीस."

"तुमच्याकडे किल्ली कुठून आली?"

"दारातच होती. बाहेरून. तेव्हा होती तशीच."

मी मूठ उघडून माझी किल्ली दाखवली. त्यांनी ठोकळ्यावरून बोट फिरवलं.

"रोसी, तेव्हा मी हाक मारली नव्हती," ते म्हणाले. "एकदाही नाही. आईने कॉफी केली होती. उशीर झाला की ती बोलायची, म्हणून नुसतं दार ओढलं आणि निघालो."

मी त्यांचा हात धरला. आम्ही बेकरीत आलो. ट्राउडे खुर्च्या उलट्या टाकत होती.

"आता काय राहिलं तुझं?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"अगं, येऊन गेलीस ना. किल्ली खिळ्याला अडकवलीस, ओळखपत्र घेतलंस, निघालीस. मी विचारलं कॉफी घेतेस का, तर उत्तर नाही. म्हटलं बाईसाहेबांचं बिनसलंय काहीतरी."

"तू माझा चेहरा बघितलास?"

"पाठ बघितली. तुझाच कोट, तुझेच केस. काय झालंय?"

भिंतीवरच्या खिळ्याला किल्ली लटकत होती. तशीच, तसल्याच ठोकळ्याची. दुसरी माझ्या हातात होती. मी डबा उघडला. माझं ओळखपत्र नव्हतं.

राखाडी पुस्तक तसंच होतं.

हरवलं म्हणून सांगून मी नवीन ओळखपत्र करून घेतलं. दुसऱ्या किल्लीचं कोणाला काही सांगितलं नाही. ती आत राहिलेली बाई माझ्या नावाने कुठे गेली, कुठे राहते, मला माहीत नाही. सुरुवातीला मला याचीच भीती वाटायची.

आता वेगळीच वाटते.

बाबा मला प्रश्न विचारतात. रविवारी कॉफी घेताना, सहज बोलल्यासारखं. आपल्या पहिल्या कुत्र्याचं नाव काय होतं? तू सायकलवरून पडलीस ती कुठे? मी उत्तर दिलं की त्यांना बरं वाटतं. गेल्या महिन्यात त्यांनी विचारलं, आई तुला झोपवताना काय म्हणायची?

मला आठवलं नाही.

बाबांनी कप खाली ठेवला. "दार मी एकदाच उघडलं," ते म्हणाले. "एकीसाठीच."

परवा मृतांच्या रविवारी मी आईच्या कबरीवर निघाले होते. हातात माळ, लाल मेणबत्ती. वाट दुपारीच बंद झाली होती, दोन्ही दारांना कुलूप. तटाखाली आले तेव्हा वरून, नवव्या पाटीच्या जंगीतून आवाज आला. अगदी बारीक...

"बाबा. मी वर आहे."

आवाज माझा होता.

गल्लीत बरेच लोक होते. कोणी थांबलं नाही.

मीही मान वर केली नाही.