मास्तरांनी धरलेला ब्रेक

काम तसं साधं होतं. हँडब्रेकचा दांडा बदलायचा, फार तर दीड तास. नवा दांडा खोक्यात होता, पाने, पकड आणि लाकडाचे दोन ठोकळे पिशवीत. तरी दुपारच्या धुक्यात रस्त्याचा चढ चढताना मिस्त्रीचे पाय उचलत नव्हते, कारण काम मास्तरांच्या घरचं होतं आणि मास्तर जाऊन आठ महिने झाले होते.

मास्तरांनी त्याला शाळेत गणित शिकवलं होतं. तो नापास झाला तो भाग वेगळा, पण गाडी घेतल्यापासून मास्तर तिला दुसऱ्या कोणाचा हात लागू देत नसत. जायच्या आठवडाभर आधी ते गॅरेजवर आले होते. "दांडा ओढला की धरतो, आणि मग आपोआप सुटतो रे. बघ जरा नीट."

मिस्त्रीने बघितलं नव्हतं. दांड्याच्या बुडाशी लोखंडी दाते असतात, त्यात खटका अडकतो म्हणून दांडा वर राहतो. ते बघायचं तर सगळं खोलायला हवं. त्याऐवजी केबलचा नट दोन आटे आवळला की दांडा हाताला घट्ट लागतो, गिऱ्हाईक खूश, आपण मोकळे. वेळ मारून न्यायची ही युक्ती मिस्त्रीच्या अंगवळणीच पडली होती. "झालं मास्तर, आता डोंगरावर उभी करा," असं वर हसून म्हणालाही होता मेला.

घर उताराच्या पायथ्याशी होतं. वर रस्ता, तिथून खाली थेट दारापर्यंत फरसबंदी उतार, आणि उताराच्या मध्यावर दाराकडे तोंड करून ती गाडी. काचांवर धूळ आणि दव. चाकांपुढे ना वीट, ना दगड.

मास्तरांच्या बाई दारातच उभ्या होत्या. अंगावर शाल, आवाज अगदी शांत.

"आलात? उशीर केलात."

"दोनची वेळ दिली होती बाई, दोनच वाजलेत."

"तसं नाही म्हणत मी." त्यांनी गाडीकडे पाहिलं. "त्या दिवशी मी इथंच होते. दोन्ही हातांत सामान, कुलूप उघडत होते. यांनी उतारावर गाडी थांबवली, दांडा ओढला आणि तिथंच गेले. डॉक्टर म्हणाले, क्षणात गेले. पण मूठ सुटेना. दोघांनी एकेक बोट सोडवलं. गाडी हलली असती तर मी भिंतीला चिरडले असते."

"गाडी गिअरमध्ये असेल."

"बघा ना तुम्हीच." त्यांनी शाल आवळून घेतली. "रोज दुपारी आवाज येतो मिस्त्री. दांडा पुन्हा ओढून धरल्याचा. आधी एकदा यायचा, आता तीन-चारदा येतो. दमलेत हो ते... आठ महिने धरून बसलेत. तुम्ही ब्रेक नीट करा, म्हणजे सोडतील."

 म्हातारपणी एकटं माणूस असंच बोलतं, अशी मिस्त्रीने मनाची समजूत घातली आणि तो कामाला लागला.

आधी पुढच्या चाकांपुढे ठोकळे ठेवले. मग डावीकडचं दार उघडून बाजूच्या सीटवर बसला. आत कोंदट वास होता, रेक्झिनचा, आणि त्याच्या आड खडूचा. गाडी न्यूट्रलमध्ये होती. ब्रेक गंजून चिकटले असतील, तो पुटपुटला. दुसरं काय असणार?

त्याने दांड्याचं आवरण काढून बॅटरी मारली. दाते उरलेच नव्हते. घासून घासून तिथं नुसती गुळगुळीत पट्टी झाली होती. हा दांडा वर राहणं शक्य नव्हतं, आणि तो वर होता.

त्याने केबलचा नट फिरवायला घेतला. आवळलेले ते दोन आटे आधी सुटले, मग उरलेले. नट हातात आला. केबल आता लोळत पडायला हवी. ती ताठच राहिली, कपडे वाळत घालायला ताणलेल्या दोरीसारखी. त्याने दार उघडून वाकून पाहिलं. ठोकळा आणि चाक यांच्यात बोटभर जागा होती. गाडी ठोकळ्यांवर टेकलीच नव्हती.

धुकं काचांना येऊन चिकटलं होतं. बाहेर बाईंची फक्त शाल दिसत होती.

त्याने दांड्याचे दोन्ही बोल्ट काढले आणि दांडा उपसायला हात घातला. झटक्याने हात मागे घेतला. अशा गारठ्यात दांड्याची मूठ कोमट होती, आणि घामाने ओली.

मग त्याचं लक्ष ड्रायव्हरच्या सीटवर गेलं. गादी मधोमध खोल दबली होती. पाठीशी रेक्झिनला घड्या पडल्या होत्या आणि त्या घड्या अगदी हळू हलत होत्या... श्वास घेतल्यासारख्या.

पळावंसं वाटलं. खरं सांगायचं तर एक पाय त्याने बाहेर टाकलाही. पण दारात बाई होत्या, आणि गाडीला आता तिकडे जाण्यापासून अडवणारं काय होतं ते त्याला कळलं होतं.

"मास्तर..." त्याने पाय आत घेतला. "चुकलं माझं. मी बघितलंच नव्हतं आत. नुसता नट आवळला आणि तुम्हाला फसवलं. आता नवा घालतो, नीट घालतो. ठोकळे लावलेत मी... सोडा आता."

 मग गादी वर येऊ लागली, थोडी थोडी, जड माणूस गुडघ्यावर हात टेकत उठावा तशी. केबल सैल पडली. गाडी एकदम पुढे सरकली आणि थाडकन ठोकळ्यांवर बसली. बाहेर बाईंच्या तोंडून "आई गं!" निघालं.

त्यानंतर मिस्त्रीने आयुष्यात केलं नव्हतं असं काम केलं. नवा दांडा बसवला, खटका चार-चारदा तपासला. गाडीतलाच जॅक लावून मागची चाकं काढली, ब्रेक उघडले. आत गंजाचा ठिपकाही नव्हता. ब्रेकचे पट्टे घासून साफ केले, केबल बेताने ताणली. उजेड उतरू लागला तेव्हा तो ठोकळ्यांपाशी गेला.

"बाई, बाजूला व्हा. ठोकळे काढतोय."

"नाही. त्या दिवशी मी इथंच होते. मला बघू द्या."

"हट्ट करू नका बाई, यंत्र आहे ते!"

"तुम्ही नीट केलंय ना? मग काढा."

तो चाकापाशी खाली बसला. एक ठोकळा काढला. दुसरा काढला. गाडी तसूभरही हलली नाही. त्याने मागून खांदा लावून ढकलून पाहिली, तरी नाही. बाई सावकाश पुढे आल्या, बॉनेटवर हात ठेवला आणि रडायला लागल्या. "सुटले हो... सुटले एकदाचे." मिस्त्रीच्याही डोळ्यांत पाणी आलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या जिवात जीव आला होता.

गॅरेजवर पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. दवाखान्यातली सिस्टर तिच्या गाडीसाठी थांबली होती.

"झाली का हो? सकाळी तर म्हणालात पाच मिनिटांचं काम."

पाच मिनिटांचंच केलं होतं. हँडब्रेक सैल होता, नट दोन आटे आवळला, बस. मिस्त्री गाडीपाशी गेला. सकाळी त्याने दांडा खाली सोडला होता. आता तो वर होता, आणि ड्रायव्हरच्या सीटची गादी मधोमध दबलेली होती.

"सिस्टर, आज रिक्षाने जा. गाडी उघडायची आहे."

"अहो, पण..."

"मी सांगतो ना. माझ्याकडूनच राहिलंय."

ती कुरकुरत गेली. मिस्त्री पाने घेऊन दाराशी उकिडवा बसला. "करतो मास्तर," तो हलकेच म्हणाला. "हीसुद्धा उघडतो. मग तरी झालं ना?"

 बाहेर गल्लीत आवाज झाला. कर्रर्र, दांडा ओढल्याचा. समोर उभ्या असलेल्या टॅक्सीत. टॅक्सी बंद होती, आत कोणी नव्हतं. मग तिच्या पुढच्या गाडीत. मग कोपऱ्यावरच्या टेम्पोत. पंचवीस वर्षं या गल्लीतल्या गाड्या त्याच्याच हाताखालून, त्याच दोन आट्यांवर जात होत्या. वळणापलीकडे, खाली बाजाराच्या उतारावर, एकामागून एक कोणीतरी दांडे ओढून धरत चाललं होतं, आणि आवाज काही संपत नव्हता.