सरांचा पहारा

डिसेंबर लागला की आमच्या विद्यापीठात दोन आवाज एकदम सुरू होतात. एकीकडे युवा महोत्सवाच्या तालमी, म्हणजे हलगी, लेझीम आणि माईकवर "हॅलो, चेक". दुसरीकडे स्टाफ कॉलनीतल्या दत्तमंदिरात जयंतीचा सप्ताह. मी रसायनशास्त्र शिकवते. देवाधर्माशी माझं फारसं जमत नाही, पण सप्ताहातला पहाटेचा वीणेचा पहारा मी कधी चुकवला नाही. तो यज्ञेश्वर सरांनी मला लावून दिला होता आणि सरांना नाही म्हणायची माझी टाप नव्हती.

सर माझे गाईड. पीएचडीच्या काळात त्यांनी मला रडवलं, आणि मला नोकरी लागली तेव्हा पेढेही त्यांनीच वाटले. निवृत्त झाले तरी सप्ताहाचा भार त्यांच्यावरच. नियम कडक. सप्ताह उठेपर्यंत वीणा जमिनीला टेकायची नाही, ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जायची. वीणा गळ्यात आहे तोवर बसायचं नाही, बोलायचं नाही. आणि पहारा बदलताना दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं. देणारा घेणाऱ्याच्या पाया पडला, की मगच देणाऱ्याचा पहारा सुटला. सर बागकाम करणाऱ्या कृष्णातमामांच्याही पाया पडत आणि मामा लाजून अर्धे होत.

मला मात्र ते कधी जमलं नाही. सर वाकले की माझे पाय आपोआप मागे. ज्यांच्या पायाशी बसून शिकलो, त्यांनी आपल्या पाया पडायचं? "अगं, पाय आहेत की स्प्रिंगा?" सर चिडवायचे. मग ते वीणा मध्येच दुसऱ्या कुणाला देत आणि तो मला. सगळे हसायचे, मीही हसायची.

यंदा सर दवाखान्यात होते. छातीत पाणी झालं होतं. सप्ताह बसायच्या आदल्या दिवशी भेटायला गेले तर नाकात नळी, आणि तोंडी एकच. "अनुजा, पहाट चुकवू नकोस."

"नाही चुकवत. तुम्ही आधी बरे व्हा," मी म्हटलं.

सप्ताहाच्या मधल्या एका पहाटे मी नेहमीसारखी निघाले. धुकं असं, की रस्त्याकडेची निलगिरीची झाडंही दिसेनात. माळापलीकडच्या गुऱ्हाळाचा गोड, करपट वास येत होता. एरवी या वेळी मोर ओरडून ओरडून जीव नकोसा करतात. त्या दिवशी एकही ओरडला नाही.

यंदा माझ्या आधीचा पहारा कृष्णातमामांचा. पण मंडपात समईच्या उजेडात वीणा घेऊन सर उभे होते. राखाडी स्वेटर, माकडटोपी, खाली अनवाणी.

मला आधी रागच आला. यांना घरी सोडलं कुणी, आणि या थंडीत येऊ दिलं कुणी?

"सर… तुम्ही कधी…"

त्यांनी मानेनंच गप्प केलं. मी चप्पल काढून पुढे गेले. उदबत्ती जळत होती, पण वास येत होता ओल्या मातीचा. मी पाया पडले. त्यांची पावलं गार होती, दंवानं ओली, गवताची काडी चिकटलेली. त्यांनी वीणेचा पट्टा स्वतःच्या गळ्यातून काढून माझ्या गळ्यात घातला आणि ते वाकले.

मी मागे सरले.

ते वाकलेलेच राहिले. माझी पावलं होती तिथं फरशीवर त्यांचे हात पडले. मग ते हात हळूच पुढे सरकले. मी आणखी मागे झाले. शेवटी पाठ खांबाला टेकली आणि मी पाय साडीच्या निऱ्यांखाली लपवले.

सर सावकाश उभे राहिले. चेहऱ्यावर राग नव्हता. लांबून चालत आलेल्या माणसाला दारातूनच परत पाठवावं, तसे ते दिसत होते. ते पायऱ्या उतरले आणि धुक्यात गेले.

थोड्या वेळानं कृष्णातमामा धापा टाकत आले. वीणा माझ्या गळ्यात बघून जागीच थांबले.

"म्याडम… वीणा कुणाकडनं घेतलीसा? सरांकडनं?"

मला बोलायची सोय नव्हती. मी मान हलवली. मामा पायरीवर बसले.

"म्या बी त्यांच्याकडंच दिलती की. मागल्या दारानं आलते. मला वाटलं, सोडलं दवाखान्यातनं. म्हणून च्या प्याया गेलो, तर तिथं फोन आला… सर गेले, म्याडम. पहाट व्हायच्या आधीच गेले म्हणं…"

माझी बोटं तार छेडत राहिली.

"माझ्या पाया पडलं, त्ये निरोपाचं असंल, असं तवा वाटलंच न्हाय बघा," मामा डोळे पुसत म्हणाले. मग एकदम वर बघितलं. "तुमच्या पाया पडू दिलंसा न्हवं त्यास्नी?"

मी मान हलवली. नाही.

"आरं द्येवा… मग पहारा सुटला न्हाय की त्यांचा…"

मला मोठ्यानं रडताही आलं नाही. पुढचा माणूस येईपर्यंत मी तशीच उभी होते.

उरलेल्या सगळ्या पहाटे मी गेले. दर वेळी उघडी पावलं पुढे करून उभी राहायची. कुणी आलं नाही. शेवटच्या पहाटे मात्र फरशीवरून गार हवा सरकत आली आणि माझ्या अंगठ्याला ओली बोटं लागली. मी ठरवलं होतं, हलायचं नाही. डोळे गच्च मिटले. पडा, सर. एकदाचे पडा आणि जा.

डोळे उघडले तेव्हा माझे पाय मागे गेले होते. मी घेतले नाहीत हो, ते गेले. आणि खाली, अंधारात, कुणीतरी गुडघ्यांवर हळूहळू पुढे सरकल्याचा आवाज आला. मग काल्याच्या कीर्तनाला माणसं येऊ लागली, दिवे लागले, आणि पुढे काही झालं नाही.

सप्ताह उठला. प्रसादाच्या पंगती झाल्या, महोत्सवात आमच्या पोरींनी लेझमीचं बक्षीसही आणलं. मला सरांची भीती वाटत नाही, खरं सांगते. लाज वाटते. आयुष्यभर त्यांनी मला दिलं, आणि जाताना एकच गोष्ट मागितली, तीही मान राखायच्या नादात मी दिली नाही.

आता रोज निजताना मी पाय पांघरुणाबाहेर ठेवते. पहाटे गार काहीतरी लागतं. जाग येते तेव्हा पाय पोटाशी घेतलेले असतात आणि चादरीचं पायथ्याचं टोक ओलं असतं. पहिल्यांदा फक्त टोकच ओलं असायचं. आता ती ओल अर्ध्या गादीपर्यंत आली आहे.