नुसती लिंक टाकू नये

सोमवारी दुपारी चहाचा पहिला घोट घेते न घेते तोच फोन वाजला. जुन्या शिलाई मशीनवाल्यांच्या ग्रुपवर कुणीतरी लिंक टाकली होती. नुसती लिंक! ना नमस्कार, ना दोन ओळी. टाकणाऱ्याचं टोपणनाव होतं 'उलटीशिलाई'.

हा ग्रुप मी चालवते. दिवसभर मी आणि ताई आमच्या दुकानात लोकांचे कपडे घट्ट-सैल करून देतो, आणि उरलेल्या वेळात मी साडेतीन हजार माणसांना वळण लावते, असं ताई म्हणते. मी पोस्ट काढून टाकली आणि का काढली तेही नीट लिहिलं. पाच मिनिटांत त्याचा मेसेज आला.

"काढलीत?"

"काढली. लिंकमागे काय आहे, ते कुणाच्या कामाचं आहे, हे आधी सांगायचं असतं. लोकांनी काय डोळे मिटून उडी मारायची?"

"तुम्ही मारून बघा ना."

"आगाऊ माणसांच्या लिंक मी उघडत नाही."

"आगाऊ नाही हो... अबोल आहे."

मला हसू फुटलं. ताईनं चष्म्यावरून पाहिलं. मी घाईघाईनं सुईत दोरा ओवायला घेतला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच लिंक. यावेळी वर लिहिलं होतं — 'ही लिंक आहे.'

"ते आम्हाला दिसतंय," मी कळवलं.

"मग काय लिहू? तुम्हीच सांगा. तुमचं रागावणंसुद्धा वाचावंसं वाटतं."

यावर काय उत्तर द्यायचं? मी तीन उत्तरं लिहिली, तिन्ही खोडली. आणि गाल का गरम झाले, तेही कळेना.

गुरुवारी तिसऱ्यांदा नुसती लिंक आली आणि दोन सभासद भडकले. हा माणूस दुकानाची जाहिरात करतोय, याला आवरा! मीही तावातच होते. सगळ्यांसमोर लिहिलं, 'फुकटची जाहिरातबाजी इथे चालणार नाही,' आणि त्याला ग्रुपबाहेर काढलं.

त्यानंतर त्याचा एकही मेसेज नाही. मी उगाचच फोन उलटा-सुलटा करत राहिले.

"उघडून तरी पाहिलीस का ती लिंक?" ताईनं विचारलं.

"साडेतीन हजार माणसांच्या लिंक उघडत बसू?"

"सगळ्यांच्या नको. ज्याच्या मेसेजला खुदकन हसत होतीस, त्याच्या एकट्याची."

शनिवारी आमच्या मशीननं दगा दिला. शाळेच्या नाटकाचे चाळीस पोशाख शिवायचे होते, बुधवारी प्रयोग, आणि खटकन आवाज होऊन खालचा दोरा धरणारं शटल तुटलं. दोरा गुंतून गोळा झाला. तीन दुकानांत फोन केले. तिन्हीकडे एकच उत्तर, "बाई, ते मॉडेल बंद होऊन जमाना झाला."

मी डोकं धरून बसले. मग काय वाटलं कुणास ठाऊक, काढून टाकलेल्या पोस्टमधून ती लिंक शोधली आणि उघडली.

आत जाहिरात नव्हतीच. बंद पडलेल्या एकसष्ट मशीनची चित्रं होती, हातानं काढलेली, एकेका स्क्रूसकट. कुठला भाग आता मिळत नाही, त्याच्याऐवजी कुठला चालतो, सगळं बारीक अक्षरात. आमचं मशीनही होतं! दुसऱ्या एका मॉडेलचं शटल कानशीनं कडेला जरासं घासलं की बसतं, असं लिहिलं होतं. अगदी खाली, 'अडलं तर फोन करा,' आणि एक नंबर.

वाचता वाचता मी अक्षरशः लाजेनं चूर झाले.

त्याला परत ग्रुपमध्ये घेतलं आणि लिहायला बसले.

"आधी शटल माग!" ताई ओरडली. "माफी काय पळून जाते?"

"आधी शटल मागितलं तर माफी कामापुरती वाटेल, ताई."

मी सगळ्यांसमोर लिहिलं: 'तुम्हाला नियम शिकवणाऱ्या मीच लिंक न उघडता एका माणसावर आरोप केला. चूक पूर्णपणे माझी. आत जे आहे ते खजिन्यासारखं आहे, सर्वांनी पाहावं.' आणि आत काय काय आहे ते लिहिता लिहिता पानभर मजकूर झाला. मग कुठे फोन लावला. फोनवर तो फार बोलला नाही. पत्ता विचारला, म्हणाला, "येतो."

रविवारी सकाळी दारात एक उंच माणूस उभा, चौकटीखाली जरा वाकलेला. खांद्यावर पावसाचे चार थेंब, हातात पत्र्याची पेटी.

"मी... उलटीशिलाई."

पुढचा तासभर तो मशीनशी बोलत होता आणि मी त्याच्या बोटांकडे पाहत होते. पेटीतलं दुसरं शटल, कानस, फुंकर, पुन्हा कानस. शेवटी त्यानं चाक फिरवलं आणि कापडावर सरळ, एकसारखी टीप उमटत गेली. ताईनं टाळीच वाजवली आणि चहा टाकायला आत गेली.

"एक विचारू?" मी म्हटलं. "इतकं सुरेख काम... पहिल्या दिवशीच दोन ओळी लिहिल्या असत्या तर?"

"पहिल्या दिवशी खरंच सुचलं नाही." तो पेटीतली हत्यारं उगाचच लावत राहिला. "नंतर... नंतर मुद्दाम नाही लिहिलं."

"मुद्दाम?"

"लिहिलं असतं तर तुम्ही रागावला नसता. आणि रागावला नसता तर... मला मेसेज कुठून आला असता?"

"अहो, त्यापायी ग्रुपबाहेर गेलात!"

"हो ना. दोन दिवस जेवण गेलं नाही." त्याचे कान लाल झाले. "तुम्ही मला आवडता. नुसतं लिहिलेलं वाचून आवडलात, आणि आता समोर पाहून तर... पुढचं मला बोलता येत नाही."

"नका बोलू," मी म्हटलं. "कळलं मला. माझंही तसंच झालंय. आणि आता ते अहो-जाहो पुरे."

"मग आधी तुम्ही म्हणा."

"तू..." शब्द ओठांवर अडखळला, मग आला. "तू आधी हात पूस. तेल लागलंय."

त्यानं दोन्ही तळवे माझ्यासमोर धरले. मी स्वच्छ कापड घेतलं आणि एकेक बोट सावकाश पुसत गेले... ताई कपबशा घेऊन दारात आली, थबकली आणि पावलं न वाजवता परत फिरली.