तृप्तीची शिकवणी

पडद्यावरची हिरवी रेघ अगदी वरच्या टोकाला चिकटली होती. सणाच्या दिवशी पुरणपोळीवर आडवा हात मारून माणूस लवंडला की ती रेघ तिथे जाते. काचेपलीकडे खाटेवर बसलेल्या इंदुमती खैरनार यांच्या पोटात मात्र कालपासून दोन घोट पाण्याखेरीज काही गेलं नव्हतं.

"यंत्र बिघडलंय," शल्यविशारद डॉ. हेमांगी पाठारे म्हणाली.

"यंत्र ठणठणीत आहे," सलील टिपणीस म्हणाला. तृप्तीयंत्र त्यानंच घडवलेलं. आपल्या लेकराला कोणी नावं ठेवली की तो चिडायचा. "शिकवलंय ते चोख करतंय. बाई खरोखर तृप्त आहेत."

"तृप्त? अरे, हाडं मोजता येतायत त्यांची! अशाच तृप्त राहिल्या तर महिनाभरात जातील."

वर्षापूर्वी याच इंदुमतीबाईंना नाशिकच्या त्यांच्या शाळेत जिना चढवत नव्हता. भूगोलाचा तास तळमजल्यावर आणला होता. मग स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या स्वागताला त्या उठल्या आणि खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली. सभागृह हसलं. बाईसुद्धा हसल्या. घरी येऊन मात्र ढसाढसा रडल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, करून टाकू या ते ऑपरेशन. लाज पुरे झाली आता." भास्करराव एरवी 'कापाकापी कशाला' म्हणत वाद घालायचे. त्या दिवशी त्यांनीच दवाखान्यात फोन लावला.

ऑपरेशनचे दोन भाग होते. एक, जठर कापून लहान करायचं. दोन, पोटातून मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या नसेवर नखाएवढं तृप्तीयंत्र बसवायचं. पोट भरलं की त्या नसेतून एक लहर जाते, आणि ती प्रत्येकाची निराळी असते. म्हणून यंत्राला शिकवणी द्यावी लागते. ऑपरेशननंतर घरी विश्रांती घेताना तृप्त वाटलं की रोग्यानं गळ्याच्या हाडाखालची कळ दाबायची. यंत्र ती लहर लक्षात ठेवतं. पुढे तशीच लहर दिसली की ते मेंदूला भरघोस तृप्ती पोचवतं, आणि दिसेपर्यंत तृप्ती अजिबात पोचू देत नाही. शिकवणी संपेपर्यंत नस यंत्राभोवती वाढलेली असते. मग यंत्र काढायचं म्हणजे नसही कापायची, आणि ती नस हृदयालाही सांभाळते. थोडक्यात, एकदा गिरवलेला धडा पुसता येत नाही.

हेमांगीनं खैरनार पतीपत्नींना आत बोलावलं.

"बाई, शिकवणीत तुम्ही कळ कधी दाबायचात?"

"तुम्ही सांगितलंत तशीच. पोट भरलं की."

"पण तेव्हा तर तुम्ही नुसतं मुगाचं पाणी घेत होतात. तेवढ्यानं भरायचं?"

"छे हो! त्यानं काय होतंय?" इंदुमतीबाईंचा आवाज सपाट होता. "हे जेवायला बसायचे. माझे टाके ओढायचे, पण यांना तव्यावरची गरम भाकरी लागते ना. मी समोर बसून वाढायची. हे पोटभर जेवले, हात धुतले, की माझं पोट भरायचं. मग दाबायची कळ."

भास्करराव चपलांकडे बघत राहिले.

"अगं आई गं," हेमांगी म्हणाली. "सलील, ती नस दोन्ही बाजूंनी वाहते ना?"

"हो. वर मनाला समाधान झालं तरी लहर खाली येते. ती पोटातून आली की मनातून, ते यंत्राला कळत नाही." सलीलचा चेहरा उतरला. "ते शिकलंय ते असं: काका जेवले, की बाई तृप्त."

"माझी आई रोज हेच म्हणायची, तुम्ही जेवलात की माझं पोट भरलं. मला तरी सुचायला हवं होतं!" हेमांगी स्वतःवरच उखडली. "बाई, आता कसं वाटतं?"

"काहीच वाटत नाही. वजन उतरलं तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं, मलाच आनंद झाला नाही. आता हे घाबरलेत, तर मला भीतीही वाटत नाही. सारखं पोट भरलेलं, त्यात सगळं बधिर झालंय."

सलीलनं उपाय सांगितला. भास्कररावांनी जेवायचं नाही, आणि ते जेवलेले नाहीत हे बाईंना ठाऊक असलं पाहिजे.

संध्याकाळपर्यंत रेघ घसरत तळाशी आली. इंदुमतीबाईंना कित्येक महिन्यांनी भूक लागली, आणि त्या पदर खोचून उठल्या. "चला, घरी जाऊ. तुमच्यासाठी दोन भाकऱ्या टाकते."

"काका जेवले की तुमची भूक मेलीच!" हेमांगीनं ताट पुढे केलं. "आधी तुम्ही."

"यांच्या आधी? काहीतरीच काय!"

"इंदू, जेव," भास्करराव ओरडले. त्यांचा आवाज चिरकला. "माझी शपथ आहे तुला. मला एकटं टाकून जाणार आहेस का?"

त्या जेवल्या. वरणभात संपला, पुन्हा घेतला, तरी रेघ हलेना. पोट दुखायला लागलं. एका हातानं पोट दाबत त्या दुसऱ्या हातानं घास घेतच राहिल्या.

"पुरे! शिवलेलं जठर फाटेल!" हेमांगीनं ताट ओढलं, तर बाईंनी ते घट्ट धरलं.

भास्कररावांनी कोणाला विचारलं नाही. बायकोच्या ताटातला एक घास उचलून त्यांनी तोंडात घातला. आणखी एक घातला. रेघ वर चढली.

"झालं माझं," इंदुमतीबाई म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

तेव्हापासून घरी तशीच पद्धत पडली. आधी बाईंनी जेवायचं, भास्कररावांनी रिकाम्या ताटापुढे बसून त्यांचे घास बघायचे, आणि बाईंचं बेताचं खाऊन झालं की स्वतः सुरुवात करायची. बाईंच्या अंगावर मांस आलं, त्या शाळेत रुजू झाल्या. टिपणीसनं यावर एक शोधनिबंधही लिहून टाकला, धन्य आहे त्याची.

पुढच्या तपासणीला भास्करराव बायकोला बाहेर बसवून एकटेच आत आले.

"टिपणीस, माझ्या हृदयाची झडप निकामी होतेय. डॉक्टरांनी फार आशा दाखवली नाही. मी गेल्यावर हे यंत्र थांबेल ना?"

सलील खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसला.

"नाही, काका. ते तुम्ही जेवायची वाट बघेल."

"म्हणजे तिला भूक..."

"तुम्ही पुन्हा कधीच जेवणार नाही, हे त्यांना माहीत असेल. भूक थांबणार नाही. पोट फाटलं तरी नाही."

"आणि यंत्र काढलं तर?"

"मागेच सांगितलं ना, काका. तिकडूनही त्या वाचायच्या नाहीत."

भास्कररावांना रडू यायला हवं होतं. आलं नाही. ते बाहेर आले.

"काय म्हणाले हो?"

"सगळं उत्तम आहे म्हणाले."

"मग चला. भूक लागलीय मला."

उपाहारगृहात त्यांनी दोन ताटं मागवली. इंदुमतीबाई जेवू लागल्या. त्यांचं बेताचं खाऊन झालं. भास्कररावांनी घास उचलला, पण 'ते तुम्ही जेवायची वाट बघेल' हे सलीलचं वाक्य आठवलं आणि तो घास त्यांनी ताटातच धरून ठेवला.

"अहो, खा ना," इंदुमतीबाई म्हणाल्या आणि पुढचा घास घेतला.