खांब सोडायचा नाही

एप्रिलच्या सुट्टीत चार बाप आपापली पोरं घेऊन डोंगरावर तंबू ठोकायला जात. रॉसचं हे पहिलंच वर्ष. त्याची टेगन नऊ वर्षांची. घटस्फोटानंतर महिन्यातून दोनच दिवस ती त्याच्या वाट्याला यायची. एवढे दोन दिवस तरी माणसाने तोंड आवरावं की नाही? पण नाही.

दुपारीच पठारावर दाट धुकं उतरलं. हिवाळ्यात बर्फाखाली वाट हरवू नये म्हणून तिथे उंच खांब रोवलेत. पुढचा दिसल्याशिवाय हातातला खांब सोडायचा नाही, असं चौघांतल्या म्होरक्याने, मरेने, पोरांना बजावलं. तेवढ्यात पाऊस लागला आणि टेगनचं जाकीट गाडीतच राहिल्याचं उघडकीला आलं. झालं. रॉसने सगळ्यांदेखत तिला फाडून खाल्लं. वर म्हणाला, "बस मग इथेच. मी चाललो." आणि पठ्ठ्या खरंच चालू लागला. रडत मागे येईल, ही त्याची खात्री.

तीन खांब गेले, ती आली नाही. मरेने त्याला अशा शिव्या हासडल्या की बाकीच्या पोरांनी माना खाली घातल्या. रॉस एकटाच मागे पळाला. पोरीवर, मरेवर, धुक्यावर चडफडत. स्वतःला सोडून सगळ्यांवर.

टेगन खांबाला टेकून बसली होती. त्याच्या जिवात जीव आला, पण तोंडातून ओरडणंच निघालं. मग तिच्या अंगावरचा कोट दिसला. मोठ्या माणसाचा, जुना, लोकरी. एवढ्या पावसात खडखडीत कोरडा.

"कुणी दिला?"

"बाबाने."

"डोकं फिरवू नकोस. बाबा मी आहे."

"तू ओरडणारा," ती शांतपणे म्हणाली. "तो ओरडत नाही. शेकोटी पेटवायला गेलाय... येईल आता."

रॉसने तिचा हात घट्ट धरला. हात उबदार होता. आणि धुक्यातून हाक आली.

"टेगू... चल बाळा, पेटली बघ."

आवाज रॉसचाच होता. फक्त इतक्या मायेने तो तिच्याशी कधी बोलला नव्हता. आपणही तसंच बोलावं म्हणून त्याने तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते नेहमीचंच, "गप बस इथे!"

टेगनने त्याची गारठलेली बोटं एकेक करून सोडवली. धुक्यात शिरताना तिने वळून पाहिलं. तिच्या डोळ्यांत भीती होती, पण ती धुक्याची नव्हे, रॉसची.

जरा वेळाने आतून दोघांचं हसणं ऐकू आलं. त्यातलं एक त्याचं स्वतःचं होतं.